ताळा सरांची पहिली पाच मिनिटं

ताळा सर वर्गात शिरायचे ते थेट फळ्याकडे. मुलांकडे बघणं, हसणं, खोकून लक्ष वेधून घेणं, असल्या गोष्टींना त्यांच्या तासात जागाच नव्हती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, तिच्याखाली उदाहरणसंग्रहाचा क्रमांक आणि खडू तसाच पुढे सरकून पहिलं उदाहरण. जणू फळ्यामागे कुठेतरी गणिताचा नळ आहे आणि तो सोडायला आधीच उशीर झालाय. मुलांची दप्तरं उघडेपर्यंत दुसरं उदाहरण अर्धं झालेलं असायचं.

उत्तर आलं की ते उलट्या बाजूने तपासून बघायचं, याला ताळा म्हणतात हे पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्या शाळेत त्याला सरच म्हणायचे. कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघणारे पुष्कळ असतात. सर ओढून झाल्यावर किल्लीने पुन्हा उघडायचे, कारण लागतं तसं उघडतं की नाही हेही कळायला हवं. लग्नात त्यांनी बायकोचं नाव दोनदा विचारून घेतलं होतं, असं काकू सांगतात. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. कपडे शिवतात आणि सरांबद्दलच्या गोष्टी जरा सैल मापाच्या सांगतात.

मी त्यांच्या नववीत होतो. त्यांच्या तासाला इतक्या वेळा गैरहजर राहिलो की सरांनी माझं नाव दांडी ठेवलं. आता मी त्याच शाळेत हंगामी विज्ञानशिक्षक आहे, तरी ते भर वर्गासमोर "अरे दांडी, डस्टर दे" म्हणतात. मुलांना त्यात फार आनंद मिळतो.

तर यंदा शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, सरांना बोलावलं आणि सोबत मलाही. मला का बोलावलं ते आधी कळलं नाही.

"सर, वरून पत्र आलंय," बाई म्हणाल्या. "गणिताच्या प्रत्येक तासाची सुरुवात छोट्या कृतीने करायची. पाच मिनिटं. मुलांचं डोकं जरा गरम व्हायला."

"मुलांचं डोकं गरम करायचं?" सर म्हणाले. "एकतीस वर्षं माझंच होतंय."

हा विनोद नव्हता. सर माहिती देत होते.

"काहीतरी मजेचं हो. कोडं, अंदाज, चित्र."

"बरं. आणि त्याचं उत्तर कुठे मिळेल? पुस्तकाच्या मागे आहे का?"

"उत्तर इतकं महत्त्वाचं नाही, सर."

सरांनी माझ्याकडे बघितलं. बाई समोर बसलेल्या असताना मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मी सांगितलं. सरांनी खुर्चीत बसल्या बसल्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग बाईंनी मुद्द्याचं सांगितलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासणीला साहेब येणार, ते नववीचा गणिताचा तास बघणार. त्यांना सुरुवात पसंत पडली तर ठीक. नाही पडली तर नववी यंदाच लागलेल्या गणिताच्या नवीन बाईंकडे जाईल. नवीन बाई हे सगळं शिकूनच आल्या होत्या. सरांनी मग वेळापत्रक आणि वह्यापेनांचं भांडार सांभाळायचं.

"निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमच्या," बाई समजुतीने म्हणाल्या. "तुम्हालाही आरामच."

 सत्तावीस वर्षं नववी सरांकडे होती. स्वतःची दोन्ही मुलंही त्याच वर्गात त्यांच्याकडून रडून पुढे गेली होती. मला बोलावलं होतं ते अशासाठी, की मी रोज मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसायचं आणि पाच मिनिटं झाली की हात वर करायचा. ज्या वर्गातून मी पळून जायचो त्याच वर्गात मला शाळेने पुन्हा बसवलं.

शिक्षकांच्या खोलीत बातमी आमच्या आधी पोचली होती. खेळाचे सर, ज्यांना सगळे शिट्टी म्हणतात, दारातच उभे होते. "काय सर, आता वॉर्म-अप तुम्ही घेणार म्हणे? मग मी काय, पाढे घेऊ?"

"येतात का?" सरांनी विचारलं.

शिट्टी बाजूला झाले.

पत्रासोबत चाळीस कृतींची एक पुस्तिका आली होती. सरांनी ती रात्रभर, म्हणजे साडेनऊपर्यंत, वाचली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दांडी, यात प्रश्न चाळीस आहेत. उत्तर एकाचंही नाही. छापताना पानं राहिलीत."

पहिली कृती होती अंदाजाची. काचेची बरणी भरून बटणं न्यायची आणि किती असतील ते मुलांना विचारायचं. घरात शिवणकाम असल्यामुळे बटणांना तोटा नव्हता. सरांनी ती जेवणाच्या टेबलावर ओतली आणि मोजली. सहाशे बारा. ताळा म्हणून पुन्हा मोजली. सहाशे अकरा. मग सर मशीनखाली गुडघ्यांवर गेले.

"अहो, एका बटणाने काय आभाळ कोसळतंय?" काकू म्हणाल्या. "अंदाजच करायचाय ना मुलांनी?"

"मुलांनी करायचाय. मी कशाला करू?"

बटण चपलेत सापडलं.

वर्गात सरांनी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अंदाज सांगा." मुलं खूश. गणिताच्या तासाला टेबलावर बरणी बघून त्यांना आधी वाटलं खाऊच आणलाय. एक म्हणाला पाचशे. सरांनी फळ्यावर लिहिलं पाचशे, आणि पुढे फुली मारली. एक मुलगी म्हणाली अंदाजे सहाशे. सहाशे, फुली. एक जण म्हणाला सहाशे दहा. सरांचा खडू जरा थबकला, मी मागे श्वास रोखून बसलो, आणि फुली. तिसऱ्या मिनिटाला मुलं लिलावात बोलल्यासारखी ओरडायला लागली. सहाशे अकरा! सहाशे तेरा! कुणीतरी सहाशे बारा म्हणालं आणि सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले. त्या पोराने बरणीकडे एकदाही बघितलेलं नव्हतं.

तास संपल्यावर मी म्हणालो, "सर, अंदाजाला चूक म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"जवळ म्हणतात. किंवा लांब."

"किती जवळ?"

आता याला काय सांगणार? मी म्हणालो, "बऱ्यापैकी जवळ." सर माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझे नववीचे गुण आठवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला नियम घालून दिला: खऱ्या आकड्याच्या शंभरात पाच इकडेतिकडे असेल तर अंदाज बरोबर. मुलं अंदाज करायचं सोडून शंभरात पाच काढत बसली. मी हात वर केला तेव्हा वर्गातली निम्मी पोरं भागाकारात अडकलेली होती. तो भागाकार मात्र सरांनी फार प्रेमाने तपासला.

मग ठिपक्यांची कृती आली. पुठ्ठ्यावर ठिपके काढायचे, दोन क्षण दाखवायचे, किती ते विचारायचं. सरांनी पट्टी लावून तेरा ठिपके काढले होते.

"किती?"

"तेरा!" अख्खा वर्ग.

"बरोबर," सर म्हणाले.

पुढे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. सर पुठ्ठ्याकडे बघत होते, मुलं सरांकडे, मी घड्याळाकडे. चाळीस सेकंद झाली होती. उरलेली चार मिनिटं वीस सेकंद आम्ही सगळे तेरा ठिपके बघत बसलो. बाहेरून जाणाऱ्या शिपायाने डोकावून विचारलं, "कुणी गेलं का?"

त्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला घरी बोलावलं. बाहेरची खोली म्हणजे काकूंचं दुकान: खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे, दाराशी एक स्टूल. सर स्टुलावर बसून पुस्तिका उलटीपालटी करत होते.

"दांडी, उत्तर आलं की गणित संपतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे म्हणतात उत्तर आल्यावर सुरुवात करा. कशाची?"

मला माहीत असतं तर मी कायमचा शिक्षक नसतो का झालो? मी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले, चांगले भरदार. शर्ट शिवायचा होता. काकूंनी मशीनवरून मान वर केली न केली आणि म्हणाल्या, "गळा साडेसोळा, बाही चोवीस. अहो, लिहा."

सरांनी लिहिलं नाही. ते उठले, टेप घेतला आणि गृहस्थांच्या गळ्याभोवती लावला. साडेसोळा. बाही चोवीस.

"हे नेहमीचंच," काकू मला म्हणाल्या. "माझ्या प्रत्येक मापाचा ताळा. लोकांना वाटतं या घरात दोन शिंपी आहेत."

गृहस्थ कापड ठेवून गेले. सर टेप गळ्यात तसाच घालून उभे राहिले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की काकूंचा पाय मशीनवरून खाली आला.

"तुला कळतं कसं?"

"काय?"

"साडेसोळा."

"दिसतं."

"काय दिसतं?"

"साडेसोळा दिसतं! अहो, तीस वर्षं शिवतेय मी."

"तीस वर्षं मी तपासतोय. चुकलेलं सापडत नाही. पण तू बघतेस काय नेमकं?"

काकू चिडल्या. आधी म्हणाल्या असं सांगता येत नाही. मग म्हणाल्या चहा टाकते. मग दारापर्यंत जाऊन परत आल्या. "आधी मी माणसाची हनुवटी बघते," त्या म्हणाल्या. "हनुवटीखाली माझी चार बोटं किती सैल बसतील, ते. तुमच्या गळ्यात चार बोटं सैल बसतात, तुमचा पंधरा. याला तिथे दोनच बसली असती. म्हणून दीड वाढवला." स्वतःच बोलून त्या स्वतःच थक्क झाल्या. "अगंबाई. मी असं करते होय?"

"म्हणजे सगळ्या गावाचे गळे तू माझ्यावरून मोजतेस?" सर म्हणाले.

"मग कुणावरून मोजू? घरात दुसरा गळा कुणाचाय?"

सरांनी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलं. चहा आलाच नाही. दोघंही बाहीचं कसं कळतं यावर बोलत होते आणि मी निघालो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर किती असं विचारून झाल्यावर आणखी एक विचारू लागले: "तुला कसं दिसलं?" आवाज मात्र उलटतपासणीचाच. पहिल्या दिवशी एक पोरगा घाबरून म्हणाला, "सर, मी नाही बघितलं, यानेच सांगितलं." पण हळूहळू मुलांची भीड चेपली. सर प्रत्येकाचं म्हणणं फळ्यावर लिहायचे, खाली रेघ मारायचे, आणि पुढे फुली की बरोबरची खूण हे न सुचून तिथे नुसता ठिपका द्यायचे. फळाभर ठिपके. "दांडी, यातलं खरं कुठलं?" ते मला विचारायचे. मी म्हणायचो, सगळंच. ते म्हणायचे, "असं कसं?" आणि घरी जाताना रस्त्यात थांबून पुन्हा म्हणायचे, "असं कसं?"

सोमवार उजाडला. साहेब आले, उंच, चष्मा, हातात फॉर्म. ते आणि मोठ्या बाई मागे माझ्या बाकावर बसले. बाक तिघांचा नाही. मी अर्धा हवेत होतो.

सर आत आले, थेट फळ्याकडे गेले, तारीख घातली आणि उदाहरणसंग्रहाचा क्रमांकही घातला. बाईंनी कपाळाला हात लावला. मग सरांना आठवलं. त्यांनी क्रमांक पुसला आणि पुठ्ठा वर धरला. ठिपक्यांचा चौरस, पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच, फक्त चारही कोपऱ्यांचे ठिपके गायब.

"किती?"

"एकवीस."

"कसं दिसलं?"

एक म्हणाला, पंचवीस होते, चार गेले. एक म्हणाली, वर तीन, खाली तीन, मध्ये पाचाच्या तीन ओळी. एकाने मधला तीन बाय तीनचा चौरस नऊचा धरला आणि चारही बाजूंना तीन-तीन लावले. सर लिहीत गेले, ठिपके देत गेले. साहेब फॉर्मवर खुणा करत होते. मी घड्याळ बघितलं: चार मिनिटं. सगळं मापात. बाईंचा हात कपाळावरून खाली आला.

तेवढ्यात खिडकीशेजारची मुलगी उभी राहिली. शाळा सुरू झाल्यापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलाही ती नुसती पेन्सिल वर करायची.

"सर, मला पंखा दिसतो."

"कुठे?" सरांनी छताकडे बघितलं.

"पुठ्ठ्यावर. मध्ये एक. आणि चार पाती. एका पात्यात पाच."

सरांनी पुठ्ठा स्वतःकडे वळवला. पुष्कळ वेळ बघितलं. "चार पाचे वीस आणि एक, एकवीस," ते म्हणाले. "बरोबर आहे. पण पंखा कुठाय?"

"फिरतोय, सर."

वर्ग हसला. मुलगी बसणार होती. सर म्हणाले, "थांब. बसू नकोस. मला दिसत नाही."

पाच मिनिटं झाली. मी हात वर केला. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दांडी, तुझी पाळी नंतर. आधी तिचं होऊ दे."

बाई पुटपुटल्या, "हात वर ठेवा." मी ठेवला. मुलगी फळ्याशी आली. तिने ठिपके काढले आणि मधला सोडून वरचे दोन आणि त्यांच्या उजवीकडचे तीन यांना गोल केला. सर म्हणाले, हे पातं? ती म्हणाली, हो. सर म्हणाले, मला तर बूट दिसतो. एक पोरगा ओरडला, "सर, पुठ्ठा फिरवा!" सरांनी फिरवला. "आता?" "आता बूटच." पोरं बाकांवर उभी राहिली. जो तो हवेत पाती काढत होता. सात, अकरा, पंधरा मिनिटं. माझा हात दुखायला लागला. आणि शेजारी बघतो तर साहेबांनी फॉर्म उलटा करून त्याच्या मागे ठिपके काढलेले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला दिसला का?"

"काय?"

"पंखा."

सरांना तो दिसला तेव्हा अडतिसावं मिनिट चालू होतं.  त्यांनी मुलीच्या हातातून खडू घेतला, उरलेली तीन पाती एकामागून एक काढली आणि मागे सरून उभे राहिले. "असं कसं?" म्हणाले, पण या वेळी हळू. मग त्यांना धडा आठवला, त्यांनी क्रमांक पुन्हा घातला, पहिलं उदाहरण निम्मं लिहिलं आणि घंटा झाली.

फॉर्मवर दोनच रकाने होते. सुरुवातीची कृती: उत्तम. पाठ: झाला नाही.

मोठ्या बाईंनी तो फॉर्म दोन दिवस टेबलावर ठेवला. कृती पसंत पडली तर नववी सरांची, असं त्याच म्हणाल्या होत्या. पण पाठच झाला नाही अशा माणसाला नववी द्यायची कशी? तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि मार्ग काढला. शाळा चालवणाऱ्या माणसालाच असा मार्ग सुचू शकतो. नववीची पहिली पाच मिनिटं सरांची. पुढची पस्तीस नवीन बाईंची.

"म्हणजे नववी माझ्याकडे आहे की नाही?" सरांनी विचारलं.

"आहे ना. पाच मिनिटं आहे."

"मग गेली म्हणायची."

"गेली कशी? रोज आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. घरी काकूंनीही हेच विचारलं, आणि सर म्हणाले, "भागाकार केलाय. बाकी काय उरली ते कळत नाही."

नवी व्यवस्था सुरू झाली त्या दिवशी नवीन बाई दाराबाहेर वह्या छातीशी धरून उभ्या होत्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या, त्यांना कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं. आत सरांनी फळ्यावर चार आकडे लिहिले होते: नऊ, सोळा, पंचवीस, त्रेचाळीस. यातला वेगळा कोण? पोरं त्रेचाळीसवर तुटून पडली. तो कुणाचाच वर्ग नाही. खिडकीशेजारची मुलगी म्हणाली, "नाही सर, मला नऊ वेगळा वाटतो, कारण एकच अंकी आहे. आणि सोळापण, कारण..." मी हात वर केला.

सरांनी खडू ठेवला. मुलगी तोंड उघडं ठेवून उभी. सर बाहेर आले, नवीन बाई आत गेल्या.

ते माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसले. नववीच्या तासाला त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग माझ्या परीक्षानळ्या मोजल्या.

"पस्तीस मिनिटं मी काय करू, दांडी?"

"आराम, सर."

"ती सोळाचं काय म्हणणार होती?"

"सोळाच एक सम आहे, असं असेल. बाकी तिन्ही विषम."

"असेल," सर म्हणाले. "पण तिला काय दिसलं?"

"उद्या विचारा."

"उद्या ती विसरेल. मुलं विसरतात. तूच बघ, सगळं विसरलास." ते उठले, बसले, पुन्हा उठले. "मी काही शिकवणार नाही. नुसतं विचारून येतो."

"सर, तास बाईंचा आहे."

ते निघाले होते. मी मागे धावलो. आता घड्याळ माझ्या हातात असूनही काही उपयोग नव्हता.

नववीच्या दाराशी सर थांबले. उंबऱ्याच्या बाहेर. आत नवीन बाई फळ्याकडे तोंड करून समीकरण मांडत होत्या. सरांनी दोन्ही हात मागे घेतले आणि विचारलं, "आत येऊ का, बाई?"

सगळा वर्ग खाड्कन उभा राहिला. बाई वळल्या. सरांना येऊ नका म्हणायचं कसं, आणि या म्हणायचं तर कोण म्हणून, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खडू त्यांनी एकदा सरांपुढे धरला, मग मागे घेतला.

"शिकवायला येतोय असं नाही," सर म्हणाले. "तिचं अर्धं राहिलंय."

"मग... मागे बसाल का, सर?"

सर मागे गेले आणि माझ्या रिकाम्या बाकावर बसले. गुडघे टेबलाला अडले. वर्ग अजून उभाच. आता बसा कुणी म्हणायचं हे कुणालाच कळेना; बाई सरांकडे बघत होत्या, सर बाईंकडे, आणि बेचाळीस पोरं मान वळवून दोघांकडे.

"हं," सर खिडकीकडे बघून म्हणाले, "सोळा. बोल."